पहिला बोर्ड कोणता घेऊ? आधी सांगा, त्याला जोडणार काय

मी या भानगडीत पडलो ते कूलरमुळे. नागपूरचा मे महिना, कूलर दिवसरात्र सुरू, आणि दुपारी घरातले सगळे आडवे झाले की नेमकं तेव्हाच टाकीतलं पाणी संपायचं, मग पंप कोरडाच घरघरत राहायचा अन् उठून बघावं तर खिडकीतून भट्टीसारखा वारा आणि वरून जळका वास. एका सीझनमध्ये दोन पंप गेले. तेव्हा डोक्यात आलं की पाणी कमी झालं की नुसतं पीं पीं करणारं काहीतरी आपणच बनवावं. खरं तर त्याला मायक्रोकंट्रोलर (आपण लिहिलेला एकच प्रोग्रॅम चालवणारी छोटी चिप, ती ज्यावर बसवतात तो बोर्ड) लागतच नाही, एक फ्लोट स्विच (पाणी कमी झालं की जुळणारा स्विच), एक बझर आणि बॅटरी एकामागे एक जोडली की काम झालं, पण हे कळायला मला सहा महिने लागले आणि तोवर छंद लागला होता.

त्यामुळे आता ओळखीतलं कोणी विचारलं, "भाऊ, पोट्ट्यासाठी बोर्ड घ्यायचा आहे, सगळ्यात पावरफुल कोणता?" तर मी उलट विचारतो, त्याला जोडणार काय? यावर बहुतेकांकडे उत्तर नसतं. "रोबोट वगैरे." वगैरेला बोर्ड नसतो ना.

आधी एक घोळ मिटवून टाकू. रास्पबेरी पाय हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड नाही, तो छोटा कॉम्प्युटरच आहे, त्यात मेमरी कार्ड घालावं लागतं, लिनक्स चालतं, बंद करताना नीट शटडाऊन करावं लागतं, नाहीतर कार्ड खराब होण्याची भीती. कॅमेऱ्याने चेहरा ओळखायचा असेल, घरात सर्व्हर चालवायचा असेल तर तो घ्या. एलईडी लुकलुकवायला, सेन्सर वाचायला, मोटर फिरवायला हजारो रुपयांचा कॉम्प्युटर घेणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणं. मायक्रोकंट्रोलरमध्ये तुमचा एकच प्रोग्रॅम असतो, करंट दिला की तो सुरू, प्लग ओढला की बंद, आणि लोडशेडिंग होऊन लाईट परत आली तरी तो मुकाट पहिल्या ओळीपासून कामाला लागतो. (रास्पबेरी पाय पिको नावाचा जो आहे तो मात्र मायक्रोकंट्रोलरच आहे, असं नाव देणाऱ्यांना काय म्हणावं, त्याच्याकडे नंतर येतो.)

आता माझं मत. पहिला बोर्ड निवडताना मेगाहर्ट्झ, मेमरी, कोअर हे सगळं बाजूला ठेवा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही उलटी वायर लावणार, एलईडी रेझिस्टरशिवाय (करंट आवरणारा छोटा भाग) जोडणार, टेबलावर पडलेल्या स्क्रूवर बोर्ड ठेवून करंट देणार, सगळेच करतात. तेव्हा पहिला बोर्ड असा पाहिजे जो या चुका सोसेल, आणि नाहीच सोसल्या तर दुसरा घेताना घरच्यांना हिशेब द्यावा लागणार नाही. या कसोटीवर मला अजूनही आर्डुइनो उनोच बरा वाटतो, आणि तोही जुना आर ३ (तिसरी आवृत्ती), कॉपी, लांब चिपवाला.

लोक म्हणतील उनो तर २०१० चा बोर्ड. आहेच. आत एटमेगा ३२८पी, १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रॅमला ३२ केबी आणि रॅम फक्त २ केबी. आजच्या हिशेबात काहीच नाही. पण कूलरच्या टाकीला २ केबी पुरून उरते. फायदा वेगळाच आहे, हा बोर्ड ५ व्होल्टवर चालतो, आणि दुकानात मिळणारे अर्धेअधिक स्वस्त मॉड्यूल, म्हणजे तो दोन डोळ्यांचा अल्ट्रासोनिक (आवाजाने अंतर मोजणारा) सेन्सर, रिले (बोर्डने मोठं उपकरण चालू-बंद करायचा स्विच), सोळा बाय दोनचा डिस्प्ले, हे सगळे ५ व्होल्टवालेच, थेट जोडा आणि मोकळे व्हा. एका पिनमधून २० मिलीअँपियर आरामात निघतात, ४० ही शेवटची हद्द. ३.३ व्होल्टच्या बोर्डांना असं वागवलं तर ते एवढं ऐकून घेत नाहीत.

लांब चिप काहून म्हणतो ते सांगतो. उनोचे दोन प्रकार येतात. एकात चिप शेंगेसारखी लांब असते, दोन्ही बाजूंनी चौदा चौदा पाय, आणि ती सॉकेटमध्ये बसवलेली असते. दुसऱ्यात छोटी चौकोनी चिप थेट बोर्डवर सोल्डर केलेली असते, तो थोडा स्वस्त पडतो. लांबवाली जळली तर बारीक स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही टोकांकडून हळूहळू उचलून काढायची आणि बूटलोडर (यूएसबीवरून आपला प्रोग्रॅम आत घेणारा छोटा प्रोग्रॅम) टाकलेली नवी चिप तिथं दाबायची, खाच त्याच बाजूला ठेवून, की बोर्ड पुन्हा जिवंत. मी तीनदा केलंय हे. चौकोनीवाला जळला की सरळ ड्रॉवरमध्ये, किल्ल्यांच्या जुन्या गुच्छाशेजारी.

आणि नवीन म्हणजे जास्त दणकट असंही नाही बरं का. २०२३ मध्ये उनो आर ४ आला, टाईप सी केबल, ४८ मेगाहर्ट्झ, ३२ केबी रॅम, सगळं झकास, पण त्याच्या एका पिनमधून फक्त ८ मिलीअँपियर घेता येतात. आर ३ साठी लिहिलेला सर्किट डायग्राम बघून तुम्ही त्याला दोन एलईडी एकाच पिनवर टांगले तर अवघड आहे.

खरेदीचं बोलू. नागपुरात बर्डीला जायचं, गाडी नेऊ नका, पार्किंगसाठी जेवढं फिराल तेवढ्यात मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरून काम करून परत याल. ऑनलाइन पाच-पन्नास रुपये स्वस्त पडतं हे मान्य, पण पहिल्यांदा दुकानातच जा, काहून की वस्तू हातात घेऊन बघता येते. काउंटरवर पहिला प्रश्न येणार, "वरिजनल पाहिजे का कॉपी?" वरिजनल दोन हजारांच्या वर जातो, कॉपी साधारण चारशे ते सहाशे. कॉपी घेण्यात चोरी नाही, आर्डुइनोचं डिझाइन ओपन सोर्स आहे, कोणीही बनवू शकतो, फक्त आर्डुइनो हे नाव आणि लोगो त्यांचा ट्रेडमार्क आहे. म्हणजे लोगो नसलेला बोर्ड हा प्रामाणिक कॉपी, आणि चारशे रुपयांत लोगोसकट मिळाला तर तो लबाड कॉपी, चालतील दोन्ही, तरी मी पहिला घेतो.

हातात घेतल्यावर यूएसबी सॉकेटजवळची छोटी चिप बघा. बहुतेक कॉप्यांवर तिथं सीएच ३४० लिहिलेलं असतं. ही चिप कॉम्प्युटरचं बोलणं बोर्डला समजावून सांगते, आणि विंडोजवर तिचा ड्रायव्हर कधी कधी वेगळा टाकावा लागतो. बोर्ड लावला तरी पोर्टच्या यादीत नवीन कॉम पोर्ट दिसत नाही म्हणून बोर्ड मेलेला समजून परत करायला निघालेले दोन जण मला ठाऊक आहेत, त्यातला एक मीच.

पण माझ्या वेळी ड्रायव्हर गुन्हेगार नव्हता, केबल होती. हे नीट वाचा. उनोला प्रिंटरला असते तशी चौकोनी टाईप बी केबल लागते, ती बोर्डसोबत मिळतेच असं नाही, आणि मिळाली तर वीतभर लांबीची. मोठा घोळ मायक्रो यूएसबीवाल्या बोर्डांचा असतो, ईएसपी ३२ असो की पिको. घरात जुन्या चार्जरच्या, ट्रिमरच्या, ब्लूटूथ स्पीकरच्या अशा दहा केबली पडलेल्या असतात, त्यातल्या कितीतरी नुसत्या चार्जिंगच्या, आत दोनच तारा, डेटाच्या दोन नाहीतच. ईएसपी ३२ वरचा लाल दिवा तर मस्त पेटतो, त्यामुळे संशयही येत नाही, आणि कॉम्प्युटरला मात्र काहीच लागलेलं नसतं. मी पूर्ण एक रविवार ड्रायव्हर टाकण्यात-काढण्यात घालवला, संध्याकाळी बायकोने तिच्या फोनची केबल दिली आणि पाच सेकंदात काम झालं. वर ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. त्यामुळे नवीन बोर्ड लावण्याआधी तीच केबल मोबाइलला लावून कॉम्प्युटरवर फोटो दिसतात का ते बघा. दिसले तर ती केबल डेटाची, तिला लाल टेप लावा आणि कोणाला देऊ नका.

नॅनोबद्दल थोडक्यात. आतून उनोच, तीच चिप, फक्त बोटाएवढा आणि ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी टोचायची भोकांची पाटी) थेट टोचता येतो, स्वस्तही आहे. सोल्डरिंग येत नसेल तर पिना लावलेलाच मागा, नाहीतर पिनांची पट्टी वेगळी पुडीत देतात आणि घरी आल्यावर कळतं. अपलोड करताना नॉट इन सिंक असा एरर येत राहिला तर टूल्समध्ये प्रोसेसरच्या जागी ओल्ड बूटलोडरवाला पर्याय निवडा, कॉपी नॅनोंना बहुतेक तोच लागतो.

आता तो मोठा प्रश्न, सरळ ईएसपी ३२ च का नको? किंमत उनोएवढीच किंवा कमी, त्यात वायफाय आणि ब्लूटूथ, दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० केबी रॅम. कागदावर उनो कुठंच नाही. आणि जर तुमच्या डोक्यातली वस्तू फोनवर मेसेज पाठवणारी असेल, म्हणजे पाणी संपलं की ऑफिसात टेलिग्रामवर कळलं पाहिजे अशी, तर हाच घ्या, उनोला वायफायचं मॉड्यूल जोडत बसू नका, त्यात फक्त केस पांढरे होतात. थोडंफार प्रोग्रॅमिंग येत असेल तरी हाच घ्या. फक्त त्याच्या खोड्या माहीत असू द्या.

माझी फजिती सांगतो म्हणजे लक्षात राहील. कूलरचा अलार्म उनोवर छान चालत होता. फ्लोट स्विच म्हणजे काय, तर तरंगणाऱ्या गोळ्यात चुंबक आणि दांड्यात रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा), पाणी खाली गेलं की गोळा खाली येतो आणि आतला स्विच जुळतो. त्याची एक तार ग्राउंडला, दुसरी पिनला, आणि प्रोग्रॅममध्ये त्या पिनला इनपुट पुलअप म्हणायचं, म्हणजे चिप आतूनच ती पिन एका रेझिस्टरमधून वर खेचून धरते, स्विच उघडा असेल तर हाय वाचते, जुळला की लो. बाहेरून एकही रेझिस्टर नाही. हेच सगळं मी उचलून ईएसपी ३२ वर नेलं, पिन कोणती तर कोपऱ्यातली सोयीची दिसली ती ३४ नंबरची. झालं. टाकी काठोकाठ भरलेली आणि फोनवर रात्री दोनला मेसेज, पाणी संपलं. मग भरलं. मग संपलं. दोन मिनिटांत वीस मेसेज. स्विच बदलला, वायर बदलली, प्रोग्रॅम परत लिहिला. शेवटी कळलं की ईएसपी ३२ च्या ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटच्या आहेत आणि त्यांच्या आत पुलअप नाहीच, तुम्ही प्रोग्रॅममध्ये काहीही म्हणा. पिन हवेत लोंबकळत होती आणि हवेतलं काहीबाही वाचत होती. वायर २७ वर नेली, विषय संपला.

अशा अजून तीन-चार गोष्टी. १२ नंबरची पिन बोर्ड सुरू होताना हाय राहिली तर बोर्ड उठतच नाही, म्हणून तिच्यावर सेन्सर लावू नका. अॅनालॉगच्या (नुसतं चालू-बंद नाही, कमी-जास्त व्होल्ट मोजणाऱ्या) काही पिना, ज्यांना एडीसी २ म्हणतात, त्या वायफाय सुरू असताना चालत नाहीत, तेव्हा अॅनालॉग सेन्सर ३२ ते ३९ मधल्या पिनांवरच लावा. पिनांना ३.३ व्होल्टपेक्षा जास्त देऊ नका, त्या अल्ट्रासोनिक सेन्सरची एको पिन ५ व्होल्ट फेकते, ती एक हजार आणि दोन हजार ओहमच्या दोन रेझिस्टरमधून उतरवून घ्या. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच चालतं, राउटरवर फक्त ५ गिगाहर्ट्झ सुरू असेल तर बिचारा शोधत बसेल. वायफाय सुरू होताना करंट एकदम जास्त ओढतो, तेव्हा कमजोर केबल असेल तर सिरियल मॉनिटरवर (बोर्डचे मेसेज कॉम्प्युटरवर दाखवणारी खिडकी) ब्राउनआउट असं काहीतरी येऊन बोर्ड रिसेट होत राहतो, तिथं प्रोग्रॅममध्ये चूक शोधू नका. आणि अपलोड होताना कनेक्टिंगवर ठिपके ठिपके येत अडकला तर बोर्डवरचं बूट बटण दाबून धरा.

घेताना साधा, वरूम मॉड्यूलवाला, ३० पिनांचा डेव्हकिट मागा. एस २, सी ३, एस ३ अशी बाकी भावंडं खूप आहेत, एस २ मध्ये तर ब्लूटूथच नाही, सुरुवातीला त्या खानदानात शिरू नका. बोर्ड रुंद असतो, एका ब्रेडबोर्डवर टोचला की एका बाजूला भोकंच उरत नाहीत, दोन ब्रेडबोर्ड शेजारी जोडून मधे टोचावा लागतो. याचाच जुना भाऊ ईएसपी ८२६६, नोडएमसीयू म्हणून मिळतो, थोडा स्वस्त आहे, पण अॅनालॉग पिन एकच आणि बोर्डवर छापलेलं डी १ म्हणजे आत पाच नंबर, डी ४ म्हणजे दोन नंबर असा हिशेब. शंभर-दीडशे वाचवायला हा डोक्याला ताप नको. फुकट मिळाला तर घ्या.

पिको वेगळ्या लोकांसाठी आहे. पोराला शाळा-कॉलेजात पायथन शिकवत असतील तर पिको घ्या. जानेवारी २०२१ मध्ये आला, दोन कोअर, १३३ मेगाहर्ट्झ, २६४ केबी रॅम, आणि वायफाय हवं असेल तर २०२२ चा पिको डब्ल्यू. बूटसेल बटण दाबून केबल लावली की पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्यात मायक्रोपायथनची फाइल टाकायची, मग थॉनी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ लिहा, एंटर दाबा, लगेच एलईडी पेटतो. कंपाईल होईपर्यंत चहा पिऊन या असला प्रकार नाही, आणि चूक झाली तर ती कितव्या ओळीत आहे हे सरळ सांगतो. शिकायला ही फार मोठी गोष्ट आहे, मला तर वाटतं प्रोग्रॅमिंगची भीती असलेल्याला पिको उनोपेक्षा सोपा जाईल. मग मी आधी उनो का म्हणालो? कारण पिको ३.३ व्होल्टचा, साध्या पिकोला पिना लावलेल्या नसतात, रिसेट बटण नाही, आणि पिनांची नावं बोर्डच्या खालच्या बाजूला छापली आहेत, म्हणजे ब्रेडबोर्डवर टोचला की नावं गायब. कागदावर पिनांचं चित्र प्रिंट काढून समोर ठेवल्याशिवाय काम होत नाही. अॅनालॉग पिनाही तीनच.

आठ-दहा वर्षांचं लेकरू असेल तर यातलं काहीच नको, मायक्रोबिट बघा. वर पंचवीस एलईडींचा छोटा डिस्प्ले, दोन बटणं, हलवलं की कळणारा सेन्सर, आणि प्रोग्रॅम रंगीत ठोकळे जोडून करायचा. एकही वायर न लावता तासाभरात पोरगं काहीतरी बनवून आजीला दाखवतं. महाग आहे, पण त्या वयात तेवढा पाहिजे. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर आधी तिथं कोणता बोर्ड आहे ते विचारा आणि घरी तोच घ्या, अडलं की सरांना विचारता येतं, हे कुठल्याही स्पेसिफिकेशनपेक्षा मोठं. काही घ्यायचं की नाही हेच ठरत नसेल तर वोक्वी नाहीतर टिंकरकॅडवर ब्राउझरमध्ये फुकट उनो चालवून बघा, आठवडाभर मजा आली तरच बर्डी गाठा.

आणि ते "सदतीस सेन्सरचं किट" घेऊ नका. त्यातले पाच वापराल, बत्तीस डबीत गंजतील. जमिनीतला ओलावा मोजायचा जो दोन टोकांचा सेन्सर असतो तो तर कुंडीत ठेवून सतत करंट दिला की काही दिवसांतच झिजतो, घ्यायचाच तर कपॅसिटिव्हवाला घ्या. तापमानासाठी निळा डीएचटी ११ देतात, तो ५० डिग्रीपर्यंतच मोजतो आणि दोन डिग्री इकडं-तिकडं दाखवतो. आपल्याकडं मे महिन्यात गच्चीवरच्या टिनाखाली ठेवला तर त्याची हद्दच संपते, पांढरा डीएचटी २२ किंवा डीएस १८बी २० घ्या. बाकी यादी छोटी, एक ८३० पॉइंटचा ब्रेडबोर्ड, जंपर वायर, २२० ओहमचे दहा-वीस रेझिस्टर, थोडे एलईडी, चार बटणं, दहा हजार ओहमचा एक पॉट (फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टर), एक बझर. आणि स्वस्तातला का होईना मल्टिमीटर, त्याशिवाय तुम्ही आंधळी कोशिंबीर खेळताय. ब्रेडबोर्डवरच्या लाल-निळ्या लांब पट्ट्या काहींमध्ये मधोमध तुटक असतात, छापील रेघ मधे खंडित दिसली तर समजा की पलीकडं करंट जात नाही, तिथं छोटी वायर टाकून जोडा.

रिले मात्र पहिल्या खरेदीत घेऊच नका. कूलरचा पंप बोर्डने आपोआप बंद करायचा मोह होणारच, मलाही झाला, पण तिथं २३० व्होल्ट आहेत आणि शेजारी पाण्याची टाकी. आधी बझर वाजू द्या, पंप हाताने बंद करा, आणि पुढं कधी करायचंच ठरलं तर इलेक्ट्रिशियनला सोबत बसवून, बंद डब्यात करा.

घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी एवढंच करायचं. काही जोडू नका, नुसती केबल लावा. नवीन उनोवर एल लिहिलेला छोटा दिवा बहुतेक वेळा आधीच लुकलुकत असतो, एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. त्यावर फसू नका, तो प्रोग्रॅम बनवणाऱ्याने टाकलेला असतो. आर्डुइनोचं सॉफ्टवेअर उघडा, बोर्ड उनो निवडा, पोर्ट निवडा, एक्झाम्पल्समधून ब्लिंक उघडा, त्यात दोन ठिकाणी १००० लिहिलंय ते १०० करा आणि अपलोड दाबा. दिवा फडफडायला लागला तर केबल, ड्रायव्हर, पोर्ट, बोर्ड सगळं एका फटक्यात पास. नाही फडफडला तर आधी केबल बदला. मग परत केबल बदला. त्यानंतर ड्रायव्हर बघा, आणि तरीही नाही झालं तर दुसऱ्या दिवशी बिल घेऊन दुकानात जा, चिप सॉकेटमध्ये नीट दाबली नसेल तर तो तिथंच अंगठ्याने दाबून देतो.